‘अगं’ची फाइल

घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या बाईला एक वाक्य दारातच ऐकावं लागतं. "आम्ही काही केलेलं नाही हं, आपोआपच झालं." इतकी वर्षं मी हे काम करते आहे, पण ज्यानं काहीतरी केलंय असा माणूस मला अजून भेटायचाय. सगळ्यांची मशिनं आपोआप आजारी पडतात. फुकटचं कुणी काही उतरवून घेत नाही, नको तिथे कुणी बोट लावत नाही, ‘हो’ लिहिलेल्या चौकोनावर कुणी न वाचता टिचकी मारत नाही. माणसं एवढी निरागस असती तर मला केव्हाच दुसरं काम शोधावं लागलं असतं.

या घरात ते वाक्य चिरंजीवांनी म्हटलं. चिरंजीव म्हणजे घरातला मुलगा. चाळिशी उलटलेली होती, पण त्याला बघून मला दुसरं काही नाव सुचेना. मी चपला काढायच्या आतच त्यानं निदानही सांगून टाकलं.

"व्हायरस आहे. बराचसा मी काढलाय. थोडा राहिलाय तेवढा तुम्ही काढा."

बराचसा मी काढलाय, असं कुणी म्हटलं की मला व्हायरसपेक्षा त्या माणसाची धास्ती वाटते. व्हायरसनं केलेली नासधूस निस्तरता येते, कारण तो बिचारा ठरल्याप्रमाणे वागतो. घरातल्या जाणकारानं काय केलं असेल, याचा मात्र काही नेम नसतो.

बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून टेबल, त्यावर कॉम्प्युटर, दोन्ही बाजूंना दोन मोठे स्पीकर आणि समोर हाताची खुर्ची. त्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. गळ्याशी पातळ सुती रुमाल, मांडीवर लहान मुलांची लिहायची-पुसायची पाटी, आणि चेहरा असा की मी उशिरा आल्याची चूक त्यांनी मनात नोंदवून ठेवली असावी.

"हे आमचे बाबा," सूनबाई म्हणाली. "ते बोलत नाहीत."

"बोलत नाहीत काय? बोलता येत नाही," स्वयंपाकघरातून आवाज आला. "आलं असतं तर तू इथे अशी उभी राहिली असतीस का?"

ती मास्तरीणबाई. आणि हे गृहस्थ मास्तर, गाडी चालवायला शिकवणारे. त्यांच्या शेजारी बसून, त्यांचं तोंड सहन करून लायसन्स मिळवलेली माणसं या गावात गल्लोगल्ली आहेत. मग त्यांच्या घशात गाठ निघाली आणि ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलातल्या, बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना एक युक्ती सांगितली होती. रोजची वाक्यं स्वतःच्या आवाजात कॉम्प्युटरवर भरून ठेवायची. नंतर पडद्यावरच्या चौकोनावर बोट ठेवलं की तेच वाक्य तुमच्याच आवाजात ऐकू येणार. बाईंनी नमुन्याची वाक्यंही लिहून दिली होती. ‘मला पाणी हवे आहे.’ ‘मी आपला आभारी आहे.’ मास्तरांनी त्या कागदात चष्मा गुंडाळून ठेवला आणि आपल्याला हवं ते भरलं.

हे सगळं मला मास्तरीणबाईंनी चहा देता देता सांगितलं. तेवढ्यात खुर्चीतून मास्तरांनी स्टीलचा पेला टेबलावर आपटला. ठण्ण. पुन्हा ठण्ण. मास्तरीणबाई माझ्यासमोर उभ्या होत्या, त्यांचा नवरा हाताच्या अंतरावर होता, पण त्यांनी मान वळवली नाही.

"तुम्हाला बोलावताहेत," मी म्हटलं.

"पेला बोलावतोय. पेला वाजला की मी जात नाही. माणसानं हाक मारली तर जाईन. मशीन चालू होतं तोवर ‘अगं’ म्हणायचे, मी यायचे."

"नुसतं अगं?"

"नुसतं. लग्न झाल्यापासून तेच आहे. एकदा दाबलं की चहा, लागोपाठ दाबलं की चष्मा सापडत नाही. आणि थोडं थांबून पुन्हा दाबलं की..." त्या थांबल्या. "ते काही नाही. तेवढी ‘अगं’ मला परत आणून द्या. बाकीचं गेलं तरी चालेल. मी तर म्हणते, गेलेलंच बरं."

मास्तरांनी पाटीवर काहीतरी खरडून ती माझ्याकडे वळवली. ‘सगळं पाहिजे.’

नवरा-बायकोचं एकमत व्हावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. मी मशीन सुरू केलं.

पडद्यावर जत्रा भरली होती. तांबड्या चौकटी एकमेकींवर उड्या मारत होत्या, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे म्हणून बोंबा मारत होत्या, आणि कोपऱ्यात एक हसरी बाई मला वजन कमी करायला सांगत होती. हे सगळं मला नवं नाही. नवं होतं ते हे की मास्तरांच्या आवाजाचा फोल्डर उघडला तर आत काहीही नव्हतं. शेपटीसुद्धा उरली नव्हती.

"दुसरीकडे कॉपी ठेवली होती का?"

"म्हणजे काय!" चिरंजीव उत्साहानं पुढे आले. "मी स्वतः ठेवली होती. बॅकअप नावाचा वेगळा फोल्डर केला होता."

"कुठे?"

"इथेच. याच कॉम्प्युटरवर."

मी कपाळाला हात लावला नाही, कारण हातात माउस होता. घराची किल्ली हरवू नये म्हणून दुसरी किल्ली करून घ्यावी आणि ती पहिलीच्याच कडीत अडकवावी, त्यातला हा प्रकार. तो बॅकअपही अर्थात धुऊन निघाला होता.

आता खरी चौकशी सुरू झाली. कॉम्प्युटर माणसांसारखा आपोआप-बिपोआप म्हणत नाही. काय केलंत, कधी केलंत, सगळं तो सांगतो. उतरवून घेतलेल्या गोष्टींची जागा मी उघडली आणि पहिलंच नाव मोठ्यानं वाचलं. "आवाज गोड करा, मोफत. हे काय आहे?"

सूनबाईला अचानक पडदे सारखे करायचे आठवले. चिरंजीव खालच्या आवाजात ततपप करू लागले.

"त्याचं काय झालं, हिचे आईवडील आले होते. बाबांनी माझ्या सासऱ्यांना... म्हणजे सासरे सहज म्हणाले की आता आराम करा, तर बाबांनी बटण दाबलं, ‘डोकं घरी ठेवून आलास का?’ ते विद्यार्थ्यांसाठी भरलेलं वाक्य होतं हो. पण सासरे तसेच उठले. मग आम्ही विचार केला, वाक्यं तीच राहू देत, निदान आवाज तरी जरा गोड..."

"बाबांना विचारलं होतंत?"

"त्यांना सरप्राइज देणार होतो."

गाढवपणाला आजकाल सरप्राइज म्हणतात, हे मला ठाऊक नव्हतं. बाप जिवंत, समोर खुर्चीत बसलेला, कान शाबूत. आणि त्याच्या उरल्यासुरल्या आवाजात साखर कालवायची म्हणून या दोघांनी कुठल्या तरी उकिरड्यावरून फुकटचा प्रोग्रॅम उचलून आणला. तो येताना एकटा आला नाही. या तांबड्या चौकटी त्याच्याच वऱ्हाडातल्या. पुढचं सगळं एकेक करून बाहेर आलं. चौकट म्हणाली धोका आहे, चिरंजीवांची पाचावर धारण बसली. चौकट म्हणाली हा सफाईवाला उतरवून घ्या, घेतला. सफाईवाला म्हणजे त्याच चोराचा भाऊ. त्यानं घरभर फिरून मास्तरांच्या एकूण एक वाक्यासमोर तांबडी फुली मारली, सगळं दूषित आहे, काढून टाकू का? चिरंजीव म्हणाले, काढ.

"म्हणजे व्हायरसनं काही घालवलं नाही," मी म्हटलं. "तुम्ही घालवलंत. त्यानं फक्त विचारलं होतं."

"पण फुल्या होत्या ना! एकेका वाक्यावर फुली होती!"

"त्यानंतर काय केलंत?"

"काही नाही. मशीन ठीक चाललंय का बघायला दोन-तीन सिनेमे उतरवले."

इथे मात्र माझा तोल गेला. पुसलेल्या फाइली लगेच नाहीशा होत नसतात. जागा रिकामी झाली, असं मशीन नुसतं म्हणतं. सामान तिथेच पडून असतं. त्यावर दुसरं काही येऊन बसलं की मग संपलं. हात न लावता मशीन बंद केलं असतं तर सगळं परत मिळालं असतं.

"तुमच्या वडिलांच्या आवाजावर तुम्ही सिनेमे ठेवलेत," मी म्हटलं. "आता जे त्यांच्या खाली दबलं नसेल तेवढं मिळेल."

मास्तरांनी ते ऐकलं. त्यांनी पाटी उचलली, खडूसारखं ते जाड पेन हातात धरलं, आणि काहीच लिहिलं नाही. माझ्याकडे बघत राहिले. मला त्या माणसाचा मघापासून थोडा राग आलेला होता, तो तेवढ्यापुरता गेला.

हार्ड डिस्क मी काढून घेतली आणि माझ्या मशीनला लावून, घरी बसून चाळली. निम्म्याहून थोडं जास्त हाती लागलं. पण अशा तऱ्हेनं उकरून काढलेल्या फाइलींना नावं उरत नाहीत. कुठलं वाक्य ‘चहा’ आणि कुठलं ‘दार लाव’, हे कुणीतरी प्रत्येक ऐकून सांगावं लागतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या जेवणाच्या टेबलावर माझं मशीन मांडलं आणि मास्तरीणबाईंच्या कानाला हेडफोन लावला. हे काम त्यांच्याखेरीज कुणाला जमलं असतं?

चिरंजीव मला बाजूला घेऊन कुजबुजले. "ऐका ना. सगळी परत घालायलाच हवीत असं नाही. त्यातल्या त्यात सभ्य असतील ती ठेवा. बाकीची मिळाली नाहीत म्हणून सांगू."

"तुम्ही सांगा," मी म्हटलं. "मी बाजूला उभी राहून ऐकते, ते काय बटण दाबतात ते."

चिरंजीव शेपूट घालून गॅलरीत गेले.

मास्तरीणबाई ऐकत होत्या, मी नावं टाकत होते. खोटं कशाला बोलू, मला आशा होती. बायको नवऱ्याचा हरवलेला आवाज ऐकणार, डोळ्यांत पाणी येणार, वगैरे. कसलं काय! ती आवाजाची तिजोरी म्हणजे शिव्यांची रास होती. ‘क्लच आहे तो, पायपुसणं नव्हे.’ ‘आरशात मागचं बघ, भांग नको बघू.’ ‘तुला लायसन्स दिलं तर मला झोप लागायची नाही.’ घरातली म्हणून जी होती त्यांतही गोडवा औषधालाही नव्हता. ‘मीठ कुठे गेलं?’ ‘पंखा बंद करा, मी जिवंत आहे.’ मास्तरीणबाई प्रत्येक वाक्यावर नाक मुरडत होत्या आणि चटकन पुढच्याकडे जात होत्या. शेवटचं वाक्य ऐकून त्यांनी हेडफोन काढला.

"नाही त्यात."

"पुन्हा एकदा ऐकू या."

"मला माझी हाक ओळखू येत नाही का? नाही म्हणजे नाही."

सगळ्यात लहान फाइल तीच असणार. सिनेमाच्या एखाद्या मारामारीखाली कुठेतरी दबून गेली. मी विचारलं, जुन्या मोबाइलमध्ये, लग्नकार्याच्या व्हिडिओत कुठे असेल का? त्या माझ्याकडे अशा बघू लागल्या, जणू मी एखादी खुळी.

"चारचौघांत हे मला कशाला हाक मारतील? चारचौघांत मी यांच्या शेजारीच असते."

गॅलरीतून चिरंजीव धावत आले. कान तिकडेच होते तर! "आहे, आहे! गोड केलेली एक आहे! प्रोग्रॅम बंद पडायच्या आधी एकच झाली होती, मी हिला पाठवली होती मोबाइलवर." सूनबाईनं मोबाइल आणला आणि अभिमानानं लावला.

"अगं," कुणीतरी म्हणालं. गुळगुळीत, भरदार, जरासा हसरा आवाज. साबणाच्या जाहिरातीतला तरुण बायकोला टॉवेल मागतो, तसा.

मास्तरीणबाई मागे सरल्या. "हा कोण मेला?"

"बाबाच आहेत, आई. थोडा गोडवा वाढवलाय."

"हा परका बाप्या माझ्या घरात मला अगं म्हणतोय आणि तुम्ही दोघं टाळ्या पिटताय? बंद कर ते आधी!"

मास्तर खुर्चीतून सगळं बघत होते. सरप्राइज त्यांना असं मिळालं. परत मिळालेली वाक्यं, नाव पडेल तशी, मी त्यांच्या मशीनवर चढवत गेले होते. मशीन पुसून, सगळी घाण काढून, नवं करून. त्यांनी चौकोनांवरून बोट फिरवलं, हवा तो शोधला आणि मुलाकडे बघत दाबला. मोठे स्पीकर गरजले: "उतर खाली! दुसऱ्याला बसू दे!"

तो आवाज मी पहिल्यांदा मोकळ्या खोलीत ऐकला. कर्कश होता, तुटका होता, आणि खोलीत आणखी एक माणूस आल्यासारखं झालं. चिरंजीव खरंच टेबलापासून बाजूला झाले. सूनबाई भिंतीकडे तोंड करून हसली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पण हे सगळं झालं तरी मूळ गोष्ट तशीच होती. मास्तरांना वाट्टेल त्याचा पाणउतारा करता येणार होता, बायकोला हाक मारता येणार नव्हती. मग मी अकलेचे तारे तोडले. दुसऱ्यांवर हसणाऱ्या बाईनं कधी कधी आपल्याकडेही बघावं. एका शिवीत, अगदी सुरुवातीला, तो शब्द होता: ‘अगं बाई, ब्रेक! ब्रेक!’ कुणा घाबरलेल्या विद्यार्थिनीसाठी भरलेलं वाक्य. त्यातला पहिला शब्द मी कापून वेगळा काढला, घासूनपुसून घेतला, आणि मास्तरांच्या पडद्यावर सगळ्यात वरच्या कोपऱ्यात मोठा चौकोन करून बसवला. आवाज त्यांचाच, शब्द तोच. दुरुस्ती करणाऱ्याला आणखी काय हवं?

मास्तरीणबाई स्वयंपाकघरात गेल्या होत्या. मी मास्तरांना खूण केली. त्यांनी बोट ठेवलं.

"अगं!"

आत भांड्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

त्यांनी पुन्हा दाबलं. थोडं थांबून, पुन्हा. मास्तरीणबाई दारापर्यंत आल्या, ओले हात तसेच धरून.

"कोणाला बोलावताहेत?"

"तुम्हाला," मी म्हटलं. "त्यांचाच आवाज आहे. दुसऱ्या वाक्यातून काढलाय."

"असेल. पण ही कुणीतरी भिंतीवर गाडी घालायला निघालीय, तिला घातलेली हाक आहे. मला अशी हाक मारत नाहीत हे. माझ्या वेळी घाई नसते." त्या नवऱ्याकडे वळल्या. "खरं की नाही? सांगा त्यांना."

मास्तरांनी पाटीकडे हात नेला, मग तसाच मागे घेतला. मास्तरीणबाई आत निघून गेल्या. नळ सुरू झाला.

माझ्याकडे आता काही उरलं नव्हतं. मी वायरी गुंडाळायला लागले. शब्द तोच, माणूस तोच, आणि ही बाई म्हणते माझी नाही! मला तिचा राग आला, आणि ती म्हणत होती ते तंतोतंत खरं आहे हे मलाही ऐकू आलं होतं म्हणून जास्त आला. चिरंजीव कोपऱ्यात पुटपुटत होते, तोच धोशा, की थोडा वेग कमी केला, थोडी घाई काढून टाकली, तर एखादा प्रोग्रॅम मिळतो का बघू. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

तेवढ्यात खुर्ची करकरली. मास्तर उठले होते. या घरात त्या खुर्चीतून हाका बाहेर पडायच्या, माणूस पडायचा नाही, हे मुलाच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. "काय हवंय बाबा, मी आणतो," तो म्हणाला. मास्तरांनी त्याला हातानं बाजूला केलं आणि पाटी टेबलावरच ठेवून, भिंतीच्या आधारानं ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले. त्यांचा श्वास रुमालाखालच्या, गळ्यातल्या छिद्रातून शिट्टीसारखा वाजत होता. मास्तरीणबाई पाठमोऱ्या होत्या, आणि नळाच्या आवाजात त्यांना काही कळलं नव्हतं. मास्तर वाट बघत राहिले. ओटा खोलीच्या मधोमध आडवा होता. ते वळसा घालून ओट्याच्या पलीकडे गेले आणि त्यांच्या समोर जाऊन उभे राहिले.

मग त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, दोनच अक्षरांपुरते. आवाज काही आला नाही, येणारच नव्हता. घाई नव्हती.

मास्तरीणबाईंनी नळ बंद केला.

"हं," त्या म्हणाल्या. "ऐकलं. बोला."

त्यांना काय हवं होतं, ते त्यांनी सांगितलं का, मला माहीत नाही. बहुधा काहीच नको होतं. मी बॅग उचलली. दारात चिरंजीवांनी मला गाठलं. आत काय झालं ते त्यांनी बघितलं होतं, पण त्यांना प्रश्न तोच पडला होता.

"म्हणजे मग ती फाइल मिळाली का शेवटी?"

"मिळाली," मी म्हटलं. "तुम्ही तेवढा हात लावू नका."